टॅलीचं अपग्रेड रविवारी आहे. बॅकअप नेमका कशाकशाचा घ्यायचा?

सूतधागा | गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत आमचा सूतविक्रीचा धंदा आहे. हिशेब टॅली ईआरपी ९ वर. २०१०-११ पासून सगळं एकाच कंपनीत चालू आहे, वर्षं कधी तोडली नाहीत. दुसरी एक छोटी फर्म होती, ती बंद झाली, पण तिचा डेटाही त्याच मशीनवर आहे. मशीन विंडोज ७ चं, ३२ बिट. टॅलीची नवी आवृत्ती टॅली प्राइम, तिला ६४ बिट लागतं, म्हणून नवीन मशीन घेतलं.

रविवारी सकाळी कॉम्प्युटरवाला येऊन सगळं नवीनवर चढवणार आहे. बॅकअपचं विचारलं तर म्हणाला, "वहिनी, ते घेतो की पेनड्राइव्हवर, दोन मिनिटांचं काम." त्या दोन मिनिटांनी माझी झोप उडाली आहे. सासरे म्हणतात, सगळं छापून घे आणि बांधून माळ्यावर ठेव. इतक्या वर्षांचं छापायचं तर कागदाच्या पैशात आणखी एक मशीन येईल.

तर विचारायचं असं, की तो यायच्या आधी मी स्वतः काय काय काढून ठेवू? आणि घेतलेला बॅकअप बरोबर आहे हे कळतं कसं?

---

आळशी_अजगर | गुरुवार, रात्री ९:५२

"दोन मिनिटांचं काम" असं तिघंच म्हणतात. कॉम्प्युटरवाला, नळवाला आणि माइक हातात घेतलेले अध्यक्ष.

---

एंटर_एंटर | गुरुवार, रात्री १०:१५

माझ्या आयडीमागची कथा ऐका मग.

मी नागपूरला एका ठोक किराणा व्यापाऱ्याकडे अकाउंटंट होतो. बॅकअप नियमाने घ्यायचो, अगदी शनिवारच्या शनिवार. एकदा मालकाला वाटलं, बॅकअप चालतो का ते बघू. विचार चांगला होता. मी रिस्टोअरला, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणायला गेलो. बॅकअप कुठून आणायचा ते नीट दिलं. कुठे टाकायचा, तिथे चालू डेटाचंच फोल्डर आपोआप आलेलं होतं. त्याने विचारलं, ही कंपनी आधीच आहे, तिच्यावर लिहू का? टॅलीत दहा वर्षं काढलेल्या माणसाचं बोट काय करते? एंटर.

तेरा दिवसांपूर्वीचा बॅकअप आजच्या डेटावर बसला न भाऊ. तेरा दिवसांची सगळी बिलं परत मारली. मालकानं शिव्या नाही दिल्या, शेजारी बसून एकेक बिल वाचून दाखवलं. ते जास्त लागलं.

रिस्टोअर करून बघायचं असेल तर वेगळं रिकामं फोल्डर करा, "चाचणी" असं नाव द्या, आणि मार्ग हाताने टाइप करा. आणि त्या पडद्यावर एंटरवरचं बोट उचलून ठेवा.

---

औषधवाली | गुरुवार, रात्री १०:३१

आमचं नाशकात मेडिकल आहे, सॉफ्टवेअर वेगळं. पण बॅकअप बरोबर आहे हे कसं कळतं, याचं एक सोपं उत्तर माझ्याकडे आहे. फाइलचा आकार बघा.

आमच्याकडचा मुलगा रोज रात्री "बॅकअप" घ्यायचा. डेस्कटॉपवरचं चिन्ह पेनड्राइव्हवर ओढायचं, झालं. आठ महिने चाललं. हार्ड डिस्क गेली तेव्हा पेनड्राइव्ह उघडला, तर आत दोन केबीचा शॉर्टकट! आठ महिने आम्ही दुकानाच्या पाटीचा फोटो जपून ठेवत होतो.

त्या मुलाला काही बोलले नाही. मी तरी कुठे एकदाही उघडून बघितलं होतं?

---

आळशी_अजगर | गुरुवार, रात्री १०:३४

"दुकानाच्या पाटीचा फोटो" 😂 उचलतोय हे.

---

ढगात_घर | गुरुवार, रात्री १०:५०

२०११ मधल्या चर्चा वाचतोय असं वाटतंय. पेनड्राइव्ह काय, माळा काय! टॅलीचं डेटा फोल्डर सरळ गूगल ड्राइव्हमध्ये टाका. आपोआप वर जात राहतं. विषय संपला.

---

दिनअखेर | गुरुवार, रात्री ११:०५

> विषय संपला

विषय तिथेच सुरू होतो साहेब. तुम्ही सांगताय ते सिंक आहे. इथे खोडलं की तिथेही खोडलं जातं. इथे फाइल बिघडली की बिघडलेली फाइल इमानदारीने वर चढते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहतं, टॅलीसारख्या फाइल्सच्या जुन्या आवृत्त्याही साधारण ३० दिवस. त्यानंतर राम राम. शिवाय चालू डेटा सिंकमध्ये ठेवला तर टॅली फाइलमध्ये लिहितंय आणि त्याच वेळी सिंकवालं तीच फाइल उचलतंय. अर्धी जुनी, अर्धी नवी अशी प्रत तयार होते. कंपनी उघडायला गेलं की मग कळतं.

बॅकअप घेऊन झाल्यावर तयार झालेली फाइल ढगात, म्हणजे क्लाउडवर ठेवा, उत्तम. चालू फोल्डर नको.

कराडजवळच्या एका पतसंस्थेची संगणकाची बाजू मी बघतो. आमचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर. तिथेही नवीन आलेली मुलं डेटाबेसची एमडीएफ फाइल कॉपी करायला बघतात. सर्व्हर चालू असताना ती उचलता येत नाही. रीतसर बॅकअप घ्यावा लागतो, त्याची बीएके फाइल होते. आणि ताईंसाठी महत्त्वाचं म्हणजे नवीन आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्यावर चढत नाही. जुन्याचा नवीनवर चढतो. टॅलीतही तेच. प्राइम ३ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत एकदा डेटा मायग्रेट झाला, म्हणजे नव्या रूपात बदलला की तो ईआरपी ९ मध्ये उघडणार नाही. म्हणून अपग्रेडच्या आधीची प्रत ही एकदाच मिळणारी वस्तू आहे. सोमवारी मागून मिळत नाही.

---

ढगात_घर | गुरुवार, रात्री ११:१२

सिंक आणि बॅकअपमधला फरक मान्य. पण ढगातली प्रत हवीच, एवढं तरी माना.

---

कोकणी_फणस | शुक्रवार, सकाळी ७:२०

मानलं. आम्ही चिपळूणचे आहोत, आम्हाला पटवायला लागत नाही.

२२ जुलै २०२१. पहाटे बाजारपेठेत पाणी शिरलं आणि चढतच गेलं. आमचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान तळमजल्याला. कॉम्प्युटर काउंटरखाली. बॅकअपची हार्ड डिस्क काउंटरच्या खणात. दुसरी प्रत होती ना, ती कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, कारण वरचे कप्पे बिलबुकांनी भरलेले. तीन प्रती, तिन्ही दहा फुटांच्या आत, तिन्ही वाशिष्ठीच्या पाण्याखाली. गाळ निघाला तेव्हा डिस्क हलवली की आत खुळखुळ वाजायचं.

वाचलो कशाने? आमचे कर सल्लागार दर तिमाहीला टॅलीचा बॅकअप मेलवर मागायचे. मला त्याचा कंटाळा यायचा. "परवाच तर दिला होता" म्हणून कुरकुर करून पाठवायचो. त्यांच्या मेलमध्ये जूनअखेरचा पडलेला होता. बावीस दिवसांचं परत भरलं, तेही बँकेच्या स्टेटमेंटवरून आणि पुरवठादारांकडून बिलांच्या प्रती मागवून.

इचलकरंजीला तर २०१९ चा पूर आठवतच असेल. त्यामुळे ताई, पेनड्राइव्हची किंमत किती त्यापेक्षा तो झोपतो कुठे ते बघा. एक प्रत दुसऱ्या घरात, दुसऱ्या गावात असली तर उत्तम.

---

सूतधागा | शुक्रवार, सकाळी ८:०५

२०१९ ला पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन थांबलं होतं. सुताची पोती वरच्या मजल्यावर नेली, कॉम्प्युटर तिथेच राहिला. तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आत्ता वाचून अंगावर काटा आला.

माहेर साताऱ्याला आहे. एक प्रत तिकडे.

---

आयटीवाला_पण_बरा | शुक्रवार, सकाळी ९:३०

आता आमची बाजू. मी असल्याच कामांवर पोट भरतो, बार्शीत.

प्रत्येक धाग्यात "कॉम्प्युटरवाल्याने घोळ घातला" हे ठरलेलं असतं. अहो, तो तुमच्याकडे तीनशे रुपयांत येतो, चहा पितो, आणि तुम्ही त्याला विचारता, "अजून किती वेळ?" बॅकअप तपासायला तास लागतो. त्या तासाचे पैसे कुणी दिलेत का आजवर? मग तो दोन मिनिटंच म्हणणार.

तरी सांगतो, मी काय घेऊन ठेवतो ते. टॅलीच्या आतून घेतलेला बॅकअप वेगळा आणि सगळं डेटा फोल्डर कॉपी केलेलं वेगळं, दोन्ही. आतून घेताना ऑल्ट-एफ३ दाबून बॅकअपला जायचं आणि सगळ्या कंपन्या निवडायच्या. नुसती उघडी असलेली एकच निवडून पुढे जाणारे खूप बघितले. फोल्डर कॉपी करताना टॅली सगळीकडे बंद, नेटवर्कवरच्या मशीनवरसुद्धा. मग टॅली डॉट आयएनआय, कारण डेटा नक्की कुठल्या मार्गावर आहे ते त्यात लिहिलेलं असतं. कधीकधी सी ड्राइव्हला एक जुनं मेलेलं फोल्डर असतं आणि खरा डेटा डी ला. बिलाच्या छपाईसाठी कुणी टीडीएल, म्हणजे टॅलीत आपल्यापुरता बदल, करून दिलं असेल तर ती टीसीपी फाइल. सूतवाल्यांकडे काउंट (सुताची जाडी) आणि कोन (सुताची गुंडाळी) यांसाठी हमखास केलेलं असतं. ती फाइल गेली आणि करून देणारा सापडला नाही की मग रडारड. लायसन्सचा सीरियल नंबर आणि तो ज्या ईमेलवर आहे, तो ईमेल उघडतो ना ते आत्ताच बघा. निम्म्या ठिकाणी तो सोडून गेलेल्या ऑपरेटरचा असतो. आणि ईआरपी ९ चा सेटअप पण ठेवा.

पेनड्राइव्ह जत्रेतला नको. वर लिहिलेलं ६४ जीबी, आत खरे ८, असे मिळतात. फाइल गेल्यासारखी दिसते, उघडत नाही. आणि बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. मशीनला लावूनच ठेवली आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्सना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, आलं, तर ते तिलाही कुलूप घालतं.

---

औषधवाली | शुक्रवार, सकाळी ९:४४

> त्या तासाचे पैसे कुणी दिलेत का आजवर?

हे मात्र खरं बोललात दादा. आम्ही एसीच्या सर्व्हिसिंगला कुरकुर न करता देतो.

---

जमाखर्च | शुक्रवार, दुपारी १:१०

सोलापुरात कर सल्लागार आहे. मेलवर बॅकअप मागून लोकांना पिडणाऱ्यांपैकी मीही एक. कोकणी_फणस, तुमच्या सल्लागारांना माझा नमस्कार.

ताई, रविवार म्हणताय तो कुठला? जीएसटीची विवरणं असतात, ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी. अपग्रेड २१ ते महिनाअखेर या पट्ट्यात करावं, म्हणजे काही अडलं तर श्वास घ्यायला जागा राहते. मार्चमध्ये तर हातही लावू नये.

बरोबर आहे हे कसं कळतं, याचं माझं उत्तर म्हणजे आकडे जुळवून. आकार बघणं ही पहिली पायरी झाली, पण भल्यामोठ्या फाइलमध्येही गेल्या वर्षीचा डेटा असू शकतो. अपग्रेडच्या आदल्या संध्याकाळी, शेवटची एंट्री झाल्यावर, ट्रायल बॅलन्स, स्टॉक समरी आणि येणे-देणे यांची पीडीएफ काढा. आणि एक रिपोर्ट लोक कधी उघडतच नाहीत, तो म्हणजे स्टॅटिस्टिक्स. डिस्प्लेमध्ये स्टेटमेंट्स ऑफ अकाउंट्सखाली असतो. विक्रीची व्हाउचरं किती, खरेदीची किती, पावत्या किती, लेजर किती, सगळी मोजणी एका पानावर. आधी काढा, रिस्टोअर करून काढा, अपग्रेडनंतर काढा. तिन्ही पानं शेजारी ठेवा. एकही आकडा हलता कामा नये. मात्र तिन्ही वेळा कालावधी तोच धरा, सुरुवातीपासून आजपर्यंत, नाहीतर उगाच घाबराल.

सासऱ्यांच्या म्हणण्याकडेही दुर्लक्ष नको. जीएसटीत वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने पुस्तकं जपावी लागतात. कंपनी असेल तर कंपनी कायद्याने आठ वर्षं.

---

ढगात_घर | शुक्रवार, दुपारी १:३२

आणि आता रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर हवा असा कायदाच आहे ना? म्हणजे माळा बेकायदेशीर!

---

जमाखर्च | शुक्रवार, दुपारी १:५०

तो नियम कंपन्यांना. कंपनी कायद्याखालच्या हिशेबाच्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, आणि इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा असं आलं. १ एप्रिल २०२३ पासून कोणी काय बदललं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं झालं, तेही कंपन्यांनाच. प्रोप्रायटर किंवा भागीदारी फर्मला हे दोन्ही लागू नाहीत. माळा कायदेशीर आहे, फक्त उंदीर बघा.

---

फ्लॉपीकाका | शुक्रवार, दुपारी ४:००

उंदरांवरून आठवलं. आमच्या वेळी डॉसवरचं टॅली होतं. फ्लॉपीत मावायचं १.४४ एमबी. वर्षअखेरीचा बॅकअप सात-आठ फ्लॉप्यांत जायचा. "पुढची फ्लॉपी घाला" असं आलं की घालायची. रिस्टोअरच्या वेळी सहाव्या फ्लॉपीवर अडकलं की आधीच्या पाचही वाया. म्हणून प्रत्येक संच दोनदा घ्यायचो. एक संच मालकाच्या घरी, देवघरात. लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर फ्लॉप्यांवरही हळदकुंकू. एका वर्षी कुणीतरी भक्तिभावाने झाकण सरकवून थेट चकतीवरच कुंकू लावलं.

बाकी काही बदललेलं दिसत नाही. दोन संच आणि एक दुसऱ्या घरी, हे आम्ही तेव्हाही करत होतो, मोठी नावं न देता.

---

आळशी_अजगर | शुक्रवार, दुपारी ४:०६

काका, जगात ३१ मार्चला बॅकअप दिन पाळतात, माहीत आहे? ज्याने कोणी ही तारीख ठरवली त्याने भारतातला अकाउंटंट आयुष्यात बघितलेला नाही.

---

एंटर_एंटर | शुक्रवार, दुपारी ४:३०

३१ मार्चला आमच्याइथे जेवण होत नाही बे, बॅकअप कुठला.

---

थंडगार | शुक्रवार, संध्याकाळी ७:१५

टोरांटोहून. डेटाबेस हेच माझं काम. छोट्या दुकानांनाच असं होतं असं वाटत असेल तर गिटलॅबची, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीची, गोष्ट वाचा. त्यांनी स्वतःच सगळी जाहीर लिहिली आहे.

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. दमलेल्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर उडवायचं म्हणून मुख्य सर्व्हरवरचंच उडवलं. लगेच लक्षात आलं, पण तोवर साधारण ३०० जीबीतले साडेचार उरले होते. बरं, बॅकअप आहे ना? बॅकअप किंवा प्रत ठेवायच्या त्यांच्याकडे पाच पद्धती होत्या. वेळेला एकही धड कामी आली नाही.

आपल्या विषयाशी जुळतं ते पुढचं. रोजचा बॅकअप रिकामा का होता? डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर होता आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं चालत होतं. आवृत्त्या जुळल्या नाहीत म्हणून बॅकअप रोज फसत होता. फसल्याचा ईमेलही जायचा, पण मेल सर्व्हर तो नाकारायचा. त्यामुळे सगळे निवांत. शेवटी वाचवलं ते त्याच इंजिनिअरने सहा तास आधी चाचणीसाठी सहज हाताने घेतलेल्या प्रतीने.

म्हणून ताई, रविवारच्या आधीच्या बॅकअपबद्दल इथे सगळं आलंच आहे. मी सोमवारच्या बॅकअपबद्दल सांगतो. नवीन मशीन, नवीन आवृत्ती, नवीन मार्ग. जुन्या मशीनवर संध्याकाळी आपोआप कॉपी होणारं काही लावलेलं असेल तर ते नवीनवर एकतर नसेल, किंवा जुनंच रिकामं फोल्डर उचलत बसेल.

---

दिनअखेर | शुक्रवार, रात्री ९:२०

थंडगार, हे भारी होतं. आमच्याकडचं देशी उदाहरण देतो.

संस्थेचं आधीचं सॉफ्टवेअर जुनं. सभासदांची नावं मराठीत, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा अक्षरांत, नाहीत. सी-डॅकच्या त्या जुन्या फॉन्टांमध्ये, सुरेख, योगेश आठवतात का? नवीन मशीनवर डेटा शंभर टक्के आला. बेरजा पैशाला जुळल्या. आणि खातेदारांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी! डेटा बरोबर, फक्त कुणाचे पैसे ते कळेना. फॉन्टच्या फाइल्स जुन्या मशीनच्या विंडोज फोल्डरमध्ये होत्या, आणि ते मशीन एका संचालकांनी आदल्या दिवशी शाळेला दान केलं होतं. सत्कारासकट.

---

आळशी_अजगर | शुक्रवार, रात्री ९:२४

मग?

---

दिनअखेर | शुक्रवार, रात्री ९:३१

मग शाळेत जाऊन, गुरुजींच्या परवानगीने, पोरांचा खेळ थांबवून फॉन्ट आणले. गुरुजींनी अजून एक मशीन मागितलं.

जुनं मशीन निदान एक रिटर्न भरून होईपर्यंत हलवू नका, पुसू नका, कुणाला देऊ नका.

---

सूतधागा | शनिवार, रात्री ११:०५

सगळ्यांचं वाचून आज दुपारी बसले. काय काय झालं ते सांगते.

१. स्टॅटिस्टिक्स काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की आपण किती व्हाउचरं मारली. आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, आकडा सांगितला तर म्हणाले, "एवढी? मग पैसा कुठाय?"

२. टॅली डॉट आयएनआय बघितलं. आयटीवाला दादा म्हणाले तसंच निघालं. डेटा डी ड्राइव्हला. सी ला २०१३ पर्यंतचं एक मेलेलं फोल्डर. आमचा माणूस दोन मिनिटांत यातलं कुठलं उचलणार होता, देव जाणे.

३. आतून बॅकअप घेतला, फोल्डरही कॉपी केलं. जावेच्या लॅपटॉपवर ईआरपी ९ टाकलं, लायसन्स नाही म्हणून एज्युकेशनल मोडमध्ये, आणि रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर केलं. मार्ग हाताने टाइप केला आणि बोट उचलून ठेवलं 🙏 मोठी कंपनी उघडली. स्टॅटिस्टिक्सचे आकडे जुळले.

४. दुसरी, बंद फर्म. यादीत तिच्या नावाच्या जागी नुसत्या चांदण्या. पासवर्ड मागते. जुन्या मशीनवरही तेच. आम्ही ती पाच-सहा वर्षांत उघडलेलीच नाही. हे काय आहे?

---

आयटीवाला_पण_बरा | शनिवार, रात्री ११:१८

टॅली व्हॉल्ट. त्याने डेटाच कुलूपबंद होतो, नावासकट. पासवर्ड विसरला तर टॅलीवालेही काढून देऊ शकत नाहीत. "फोडून देतो" म्हणणारे भेटतील, डेटा त्यांच्या हातात देऊ नका. तेव्हा हिशेब कोण लिहायचं ते शोधा.

---

सूतधागा | शनिवार, रात्री ११:२५

दिवाणजी लिहायचे. आता गडहिंग्लजला असतात, वय ऐंशीच्या पुढे. फोन करायला आता फार रात्र झाली.

---

फ्लॉपीकाका | रविवार, सकाळी ६:१०

करा फोन. ऐंशीची माणसं पाचलाच उठलेली असतात, अनुभवाने सांगतो.

---

जमाखर्च | रविवार, सकाळी ८:३०

फर्म बंद झाली तरी ७२ महिने पूर्ण व्हायचे असतील, तर तोही डेटा लागू शकतो. लावाच फोन.

---

सूतधागा | रविवार, रात्री ९:५०

लावला. आप्पांनीच लावला. पहिली वीस मिनिटं सुताचे भाव, गुडघे आणि कुणाकुणाची लग्नं. मग पासवर्डचं विचारलं. दिवाणजींनी क्षणभरही न थांबता सांगितला. वर म्हणाले, "पाडव्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय की, बघितला नाही होय कुणी?" माळ्यावरून वही काढली. आहे. निळ्या शाईत, खाली रेघ मारून. आप्पा दिवसभर माझ्याकडे बघून नुसते हसत होते.

फर्म उघडली, तिचेही आकडे लिहून ठेवले. कॉम्प्युटरवाला अकराला आला. मी कागद पुढे ठेवले, तो थोडा गप्प झाला, मग नीट बसून केलं त्यानेही. डेटा मायग्रेट व्हायला बराच वेळ लागला. तिसरं स्टॅटिस्टिक्स जुळलं, दोन्ही कंपन्यांचं. टीडीएल पहिल्यांदा लागलं नाही, काउंटचा कॉलमच गायब. ज्याने करून दिलं होतं तो उद्या बदलून पाठवतो म्हणालाय. तोवर बिलं जुन्या मशीनवर करणार नाही, हाताने लिहू. एक पेनड्राइव्ह साताऱ्याच्या गाडीत बसला. कॉम्प्युटरवाल्याला एका तासाचे जास्त दिले.

---

आळशी_अजगर | रविवार, रात्री ९:५५

आता पासवर्ड इथे लिहू नका म्हणजे मिळवली.

---

थंडगार | रविवार, रात्री १०:२०

छान. आणि सोमवारचा बॅकअप?

---

सूतधागा | सोमवार, रात्री ८:१५

घेतला. ऑल्ट-वाय दाबून, डी ड्राइव्हला नाही, बाहेरच्या डिस्कवर. उघडूनही बघितला.

पण आता वेगळंच संकट. बिलासाठी आमचा जुना डॉट मॅट्रिक्स आहे, तीन प्रतींच्या छापील कागदावर मारणारा. नवीन मशीनला तो लावायची वायरच बसत नाही, मागे तसलं भोकच नाही. आप्पा म्हणतात, प्रिंटरचा बॅकअप का नाही घेतलास?

---

आयटीवाला_पण_बरा | सोमवार, रात्री ८:४०

यूएसबीला लावायची वायर मिळते. पण तिच्याबद्दल बोलायला बसलो तर इथे दोनशे प्रतिसाद होतील. नवीन धागा काढा ताई.